विद्यापीठाचा पैसा: हिशेबाची वही हातात आली की काय वाचायचं

मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाच्या बैठकीला पहिल्यांदा बसणारा माणूस एका गोष्टीने हमखास चक्रावतो. समोरच्या कागदावर ठेवींचा आकडा डोळे दिपवणारा असतो आणि शेजारी बसलेले विभागप्रमुख कुजबुजत असतात की प्रयोगशाळेतला पंखा सहा महिने बंद आहे, कारण दुरुस्तीला पैसे नाहीत. दोन्ही खरं असतं. कुणी खोटं बोलत नसतं, आणि बहुतेक वेळा कुणी काही दडवलेलंही नसतं.

विद्यापीठाकडे एकच एक तिजोरी नसते. असतात ती शेकडो पाकिटं, आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली: हे पगारासाठी, हे अमुक प्रकल्पासाठी, हे फक्त मुलींच्या वसतिगृहासाठी, याच्या व्याजातून दरवर्षी एक पदक. पंखा दुरुस्त करायचा तर त्यासाठी चालेल असं पाकीट लागतं. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या चिठ्ठ्यांभोवती फिरतं.

लेखा विभागात नव्याने रुजू झालेले, पहिल्यांदा विभागप्रमुख झालेले, निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी, शिक्षणाच्या बातम्या लिहू लागलेले पत्रकार यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. हिशेबशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही. पेन्सिल, गणकयंत्र आणि एक निवांत दुपार एवढं पुरेल.

पायरी 1: कागद नीट निवडा

नवखा माणूस अंदाजपत्रक मागतो. मागा, पण सुरुवात त्याच्यापासून करू नका. अंदाजपत्रक म्हणजे इरादा, वार्षिक लेखे म्हणजे घडलेलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तरच अर्थ लागतो.

अंदाजपत्रकात साधारण तीन रकाने दिसतात: गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. बातम्या तिसऱ्या रकान्याच्या होतात. तुम्ही पहिल्याकडे बघा. शक्य असेल तर पाच वर्षांचे कागद काढून प्रत्येक मोठ्या लेखाशीर्षापुढे ‘तरतूद किती होती, खर्च किती झाला’ हे लिहून काढा. पगाराच्या शीर्षात हे दोन आकडे फारसे लांब नसतात. बांधकाम, उपकरणं आणि ‘नवीन योजना’ या शीर्षांत अंतर इतकं असतं की तीच इमारत तीन वर्षं सलग नव्याने जाहीर झालेली सापडते.

वर्षांची तुलना करताना आकडा वाढला म्हणून लगेच खूश होऊ नका. विद्यार्थीसंख्येने भागा आणि महागाई वजा करा. इंग्लंडमधल्या विद्यापीठांचं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या पदवी शिक्षणाची कमाल फी 2012 मध्ये वर्षाला 9,000 पौंड झाली, 2017 मध्ये 9,250, आणि त्यानंतर 2025 पर्यंत तिथेच थांबली, मग 9,535. कागदावर फी कधीच कमी झाली नाही. पण मधल्या काळात वीज, पगार आणि सिमेंट थांबले नव्हते. तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्यामागची खरी आवक वर्षानुवर्षं झिजत गेली, आणि त्याला कुठलाही कपातीचा आदेश काढावा लागला नाही.

पायरी 2: कुंपण कुठे आहे ते बघा

‘विद्यापीठाचं बजेट’ म्हणताना नेमकं काय मोजलं आहे? हा प्रश्न न विचारता केलेली सगळी तुलना फुकट जाते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाला दहा परिसर आहेत आणि वार्षिक उलाढाल 50 अब्ज डॉलरच्या वर आहे. त्यातला सर्वात मोठा तुकडा वर्गातून येत नाही. तो विद्यापीठाच्या रुग्णालयांचा आहे. रुग्णाच्या बिलाचा पैसा डॉक्टर, परिचारिका आणि औषधांवर खर्च होतो, शिकवण्याकडे त्यातलं थोडंच वळतं. एकूण आकड्याने भागलं तर राज्य सरकारचा वाटा जेमतेम दहाव्या हिश्शाइतका भरतो, आणि ‘सरकारने अंग काढून घेतलं’ असं वाटतं. फक्त शिकवण्याशी जोडलेला मूळ निधी घेतला तर तोच वाटा कितीतरी मोठा दिसतो. दोन माणसं दोन वेगळे छेद घेऊन तासभर भांडू शकतात, आणि दोघांचंही गणित बरोबर असतं.

उलट बाजूचं उदाहरण भारतातलं. 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली ती परीक्षा घेण्यासाठी आणि पदव्या देण्यासाठी. शिकवणं महाविद्यालयांत चालायचं. संलग्नतेची ही पद्धत आजही टिकून आहे. त्यामुळे लाखो विद्यार्थ्यांच्या नावावर विद्यापीठाचा शिक्का असतो, परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क विद्यापीठाच्या खात्यात येतं, पण त्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा पगार त्या वहीत दिसतच नाही. अशा विद्यापीठाचा ‘दर विद्यार्थी खर्च’ काढाल तर तो हास्यास्पद स्वस्त निघेल.

अमेरिकेत आणखी एक मेख आहे. बऱ्याच सार्वजनिक विद्यापीठांच्या देणग्या विद्यापीठाच्या खात्यात नसतात, शेजारी स्थापन केलेल्या वेगळ्या प्रतिष्ठानाकडे असतात. म्हणून कागदाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा: रुग्णालय आत की बाहेर, वसतिगृहं आत की बाहेर, संलग्न महाविद्यालयं, प्रकाशन संस्था, देणग्यांचं प्रतिष्ठान. पाच मिनिटांचं काम आहे आणि नंतरचे पाच तास वाचतात.

पायरी 3: आवक ओळीओळीने वाचा

पहिली ओळ बहुधा सरकारी अनुदानाची. ते किती यापेक्षा कसं ठरतं हे महत्त्वाचं. काही ठिकाणी गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी वाढ करून देतात, काही ठिकाणी विद्यार्थीसंख्येचं सूत्र असतं, काही ठिकाणी किती जण पदवीधर झाले यासारख्या निकालाशी काही भाग बांधलेला असतो. भारतात वेतन अनुदान आणि वेतनेतर अनुदान अशी सरळ फाळणी दिसते, आणि पहिलं मिळालं म्हणून दुसरं मिळेलच असं नाही.

मंदी आली की विद्यापीठाच्या अनुदानावर कुऱ्हाड लवकर पडते. राज्यकर्त्यांचा हिशेब सोपा असतो: तुरुंगाला कैद्यांकडून फी घेता येत नाही, विद्यापीठाला विद्यार्थ्यांकडून घेता येते. 2008 च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी दर विद्यार्थी निधी कापला आणि त्याच सुमारास फी चढत गेली, हा योगायोग नव्हता.

दुसरी ओळ फीची. इथे ढोबळ आणि निव्वळ हा फरक विसरू नका. जाहीर फी गुणिले विद्यार्थीसंख्या एवढी रक्कम कधीच हाती येत नाही. सवलती, माफी आणि विद्यापीठाने स्वतःच दिलेल्या शिष्यवृत्त्या त्यातून वजा होतात. काही कागदांत त्या आवकेतूनच वजा करून दाखवतात, काहींत खर्चाच्या बाजूला दाखवतात. दोन विद्यापीठांची तुलना करताना इथे हमखास घसरायला होतं.

फी किती असावी हा हिशेबाचा कमी आणि राजकारणाचा जास्त प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियाने 1974 मध्ये विद्यापीठांची फी रद्द केली आणि 1989 मध्ये वेगळ्या रूपात परत आणली: आत्ता भरू नका, मिळकत एका पातळीच्या वर गेली की करासोबत फेडा. जर्मनीत 2005 च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर काही राज्यांनी सत्राला 500 युरोपर्यंत फी सुरू केली. मतदारांना ती रुचली नाही आणि 2014 पर्यंत शेवटच्या राज्यानेही ती गुंडाळली.

जिथे देशातल्या विद्यार्थ्यांची फी सरकार बांधून ठेवतं तिथे विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांकडे वळतात, कारण त्यांच्या फीवर सहसा मर्यादा नसते. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात हा झरा इतका मोठा झाला आहे की व्हिसाचा एक नियम बदलला तरी कुलगुरूंची झोप उडते. तुमच्या कागदात परदेशी विद्यार्थ्यांची फी वेगळी दाखवली असेल तर ती एकूण फीच्या किती टक्के आहे ते काढा, आणि जमलं तर ते विद्यार्थी किती देशांतून येतात तेही. एकाच देशातून येत असतील तर तो धोका ताळेबंदात कुठेही लिहिलेला नसतो.

देणग्या आणि कायम निधी यांबद्दल सर्वात मोठा गैरसमज असा की तो खर्च करायचा पैसा आहे. कायम निधीचं मुद्दल सहसा हात न लावता ठेवायचं असतं. दरवर्षी त्याच्या साधारण चार ते पाच टक्के रक्कम खर्चाला काढली जाते आणि उरलेली वाढ महागाईला तोंड द्यायला मुद्दलात राहते. म्हणजे निधी 100 असेल तर वर्षाला हाताशी येतात चार-पाच. मग बैठकीत कुणीतरी उठून म्हणतं, ‘एवढे पडलेत, मग फी का वाढवता?’ त्याला हे उत्तर शांतपणे द्यावं लागतं.

पेटंटांबद्दल एकच सांगतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी 1925 मध्ये संशोधनाची पेटंटं सांभाळण्यासाठी वेगळी संस्था काढली, ड जीवनसत्त्वाच्या शोधावर तिने भरपूर कमावलं आणि तो पैसा परत संशोधनात घातला. फ्लोरिडा विद्यापीठात 1965 मध्ये खेळाडूंसाठी तयार झालेल्या गेटोरेड या पेयाचा वाटा आजही त्या विद्यापीठाकडे येतो. अशा कथा ऐकून प्रत्येक विद्यापीठाला आपलं गेटोरेड सापडेल असं वाटतं. 1980 च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी अमेरिकी विद्यापीठांना घेता येऊ लागली तेव्हापासून असे शोध कंपन्यांना वापरायला देणारी तंत्रज्ञान हस्तांतर कार्यालयं सगळीकडे निघाली. त्यातल्या बऱ्याच कार्यालयांच्या उत्पन्नातून त्यांचा स्वतःचा खर्चही भागत नाही.

वसतिगृहं, वाहनतळ, छापखाना, सभागृहाचं भाडं हे सगळं शेवटी येतं. यांनी आपला खर्च आपण भागवावा अशी अपेक्षा असते. भागतो का, एवढंच बघा आणि पुढे चला.

पायरी 4: प्रत्येक ओळीवर चिठ्ठी शोधा

ही पायरी कुणी टाळू नये.

अमेरिकेत 1862 च्या मॉरिल कायद्याने राज्यांना उच्च शिक्षणासाठी जमीन दिली: काँग्रेसमधल्या प्रत्येक सदस्यामागे 30,000 एकर. जमीन विकून येणारं मुद्दल कायम ठेवायचं आणि व्याजावर महाविद्यालय चालवायचं. कायद्यात एक अटही होती: या निधीतला किंवा त्याच्या व्याजातला छदामही इमारत विकत घ्यायला, बांधायला, राखायला किंवा दुरुस्त करायला वापरायचा नाही. इमारत राज्याने आपल्या पैशाने उभी करायची. म्हणजे खात्यात पैसे आणि डोक्यावर गळकं छप्पर ही स्थिती तेव्हाही कायदेशीर होती. सुरुवातीचा बंद पंखा आठवा.

टेक्सासचा कायम विद्यापीठ निधी तर याहून मजेदार. राज्याच्या 1876 च्या घटनेने पश्चिमेकडची ओसाड जमीन विद्यापीठासाठी राखून ठेवली. पुढे भर पडत ती 21 लाख एकरांच्या आसपास गेली. चरायला देण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग नव्हता. 1923 च्या मे महिन्यात तिथल्या सांता रीता नावाच्या विहिरीला तेल लागलं. आज तो निधी अब्जावधी डॉलरचा आहे. पण त्यावर चिठ्ठी आहे: दोन तृतीयांश टेक्सास विद्यापीठ समूहाला, एक तृतीयांश टेक्सास ए अँड एम या दुसऱ्या विद्यापीठ समूहाला. ह्यूस्टन विद्यापीठ त्याच राज्यातलं, तेही सार्वजनिक आणि मोठं, पण त्या तेलातला थेंबही त्याच्या वाट्याला येत नाही.

आता तुमचा कागद घ्या. आवकेच्या प्रत्येक ओळीपुढे ‘बांधील’ की ‘मोकळा’ ते लिहा. प्रायोजित प्रकल्प: बांधील. शिष्यवृत्ती निधी: बांधील. वेतन अनुदान: बांधील. विशिष्ट इमारतीसाठी आलेलं भांडवली अनुदान: बांधील, आणि वर मुदतीचं. परीक्षा शुल्क, साधी फी, ठेवींवरचं व्याज: बहुधा मोकळं, पण त्या ठेवी कुणाच्या आहेत ते तपासा. भविष्यनिर्वाह निधीच्या ठेवींचं व्याज आपलं समजून खर्चात धरणारी टिपणं मी वाचली आहेत.

शेवटी फक्त ‘मोकळा’ लिहिलेल्या ओळींची बेरीज करा. विद्यापीठाच्या कारभाऱ्यांना खरोखर काही ठरवण्याची मुभा आहे ती एवढ्याच पैशावर, आणि त्यातलाही बराचसा आधीच दिलेल्या शब्दांत अडकलेला असतो.

बांधील पैसा खर्च झाला की उपयोगिता प्रमाणपत्र जातं, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. ते वेळेवर गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. कित्येक विभागांची कोंडी पैशाअभावी झालेली नसते, एका न भरलेल्या प्रमाणपत्रामुळे झालेली असते. तुम्ही नवे विभागप्रमुख असाल तर आधीच्यांची थकलेली प्रमाणपत्रं पहिल्याच आठवड्यात मागवा. हा सल्ला मला कुणी वेळेवर दिला नव्हता.

पायरी 5: संशोधनाचा पैसा वेगळा काढा

मोठं संशोधन अनुदान मिळालं की विद्यापीठ श्रीमंत झालं असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा थोडं गरीब होतं.

प्रकल्पाचा थेट खर्च 100 धरा: संशोधक सहाय्यकांचं मानधन, रसायनं, प्रवास. पण प्रयोगशाळेची वीज, सुरक्षा, ग्रंथालय, हिशेब ठेवणारा कारकून, नीतिसमिती यांचा खर्च त्या शंभरात नाही. त्यासाठी काही निधीदार वरखर्च देतात. दर 50 टक्के असेल तर एकूण अनुदान 150. इथे एक नेहमीचा घोटाळा होतो. ‘विद्यापीठाने अर्धे पैसे कापले’ असं म्हटलं जातं. खरं तर 150 पैकी 50, म्हणजे एक तृतीयांश. दर थेट खर्चावर मोजतात, एकूण रकमेवर नाही.

2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी हा दर सरसकट 15 टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. विद्यापीठं आणि राज्यं न्यायालयात गेली आणि न्यायालयाने अंमलबजावणी रोखली. वरच्या उदाहरणात 50 च्या जागी 15 घालून बघा. उरलेले 35 कुठून आणायचे याचं उत्तर कुणाकडे तयार नव्हतं, आणि प्रयोगशाळेची वीज तर तेवढीच लागणार होती.

ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन परिषदा प्रकल्पाचा पूर्ण खर्च मोजायला लावतात आणि त्यातला साधारण 80 टक्के देतात. म्हणजे संशोधन जितकं जास्त, तितकी भरून काढायची खिंडारं जास्त. धर्मादाय संस्था वरखर्च अनेकदा देतच नाहीत. ही तूट शेवटी भरली जाते ती परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतून. कुणाच्या तरी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या फीवर कुणाचं तरी कर्करोगावरचं संशोधन उभं असतं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

तुमच्या वहीत हे तपासायचं तर दोनच आकडे शोधा: प्रायोजित प्रकल्पांची एकूण रक्कम आणि त्यातून विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीत आलेला वरखर्च. पहिल्यातून वरखर्च वजा केला की थेट खर्च उरतो; दुसऱ्या आकड्याला त्याने भागा. आलेला दर जाहीर दरापेक्षा बराच कमी निघाला तर समजा की सवलती वाटल्या जात आहेत.

पायरी 6: जावक, म्हणजे मुख्यतः माणसं

विद्यापीठ हा माणसांचा व्यवसाय आहे. रुग्णालय बाजूला काढलं तर पगार आणि निवृत्तिवेतन मिळून निम्म्याहून जास्त खर्च होतो. शिकवण्यावर भर असलेल्या ठिकाणी दोन तृतीयांशाच्याही पुढे.

हा खर्च दरवर्षी का चढतो याचं सर्वात समाधानकारक उत्तर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये दिलं, तेही विद्यापीठाबद्दल बोलताना नव्हे तर नाटक-संगीताबद्दल. चार वादकांची एक रचना दोनशे वर्षांपूर्वी वाजवायला जितकी माणसं आणि जितका वेळ लागायचा तितकाच आजही लागतो. कारखान्यात मात्र तेवढ्याच तासांत कितीतरी जास्त माल निघू लागला आणि तिथले पगार वाढले. वादकाचा पगार वाढवला नाही तर तो कारखान्यात जाईल. वाढवला तर तिकीट महागेल. प्राध्यापक आणि तीस विद्यार्थ्यांचा वर्ग त्या चार वादकांसारखाच. अर्थात यंत्रांनी आणि रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांनी हे बदलेल असं दर दहा वर्षांनी कुणीतरी सांगतं. उत्तरपत्रिकेवरची शेरेबाजी वाचून बिथरलेल्या विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलायचं असतं तेव्हा माणूसच लागतो.

सरकारी विद्यापीठात दुसरी अडचण अशी की वेतनश्रेणी ठरवणारे वेगळे आणि पगार देणारे वेगळे. भारतात सातव्या वेतन आयोगानुसार राज्यांच्या विद्यापीठांत श्रेणी लागू झाल्या तेव्हा वाढीव बोजाचा निम्मा भाग केंद्राने जानेवारी 2016 ते मार्च 2019 एवढ्याच काळासाठी उचलायचं ठरवलं होतं. पगार तर त्यानंतरही द्यायचाच असतो. मग जागा रिक्त ठेवल्या जातात आणि तासिका तत्त्वावर शिक्षक नेमले जातात. म्हणून पगाराचं शीर्ष वाचताना मंजूर पदं, भरलेली पदं आणि कंत्राटी माणसं असे तीन आकडे शेजारी मांडा. पगारावरची ‘बचत’ दिसली तर बहुधा ती रिकाम्या खुर्च्यांची असते.

ग्रंथालयाचा खर्च आता पुस्तकांवर कमी आणि नियतकालिकांच्या वर्गणीवर जास्त होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2019 मध्ये एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाशी करार मोडला आणि 2021 मध्ये नव्या अटींवर जोडला. भारताने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेत 2025 पासून तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवले आहेत. त्यामुळे काही विद्यापीठांच्या वहीतली वर्गणीची ओळ आकसलेली दिसली तर वाचन कमी झालं असं समजू नका, बिल दुसरीकडे गेलं आहे.

प्रशासनावरचा खर्च फुगला आहे का, हा आवडता वाद. फुगलेला असतो, बऱ्याच ठिकाणी. पण ‘प्रशासन’ या शब्दाखाली संगणकप्रणाली, समुपदेशक, अपंगांसाठीच्या सोयी, आणि सरकारला पाठवायच्या अहवालांसाठी नेमलेली माणसंही असतात. आधी ओळ फोडून मागा, मग रागवा.

पायरी 7: इमारतींची न दिसणारी उधारी

देणगीदार इमारत देतो, दिवे बदलायला पैसे देत नाही. फीत कापली जाते, पाटी लागते, आणि दुसऱ्या दिवसापासून वीज, सफाई, लिफ्टची देखभाल, पहारा यांचा बोजा मोकळ्या पाकिटावर पडतो. शहाणी विद्यापीठं इमारतीच्या देणगीबरोबर देखभालीचा निधीही मागतात. बाकीची फोटो काढून घेतात.

पैसे कमी पडले की पहिली कात्री दुरुस्तीवर चालते, कारण छप्पर लगेच पडत नाही. ही लांबणीवर टाकलेली दुरुस्ती कर्जच असते, फक्त ते ताळेबंदात दिसत नाही. घसारा, म्हणजे इमारतींच्या झिजेपोटी हिशेबात धरलेली रक्कम, वर्षाला किती मांडला आणि दुरुस्ती-नूतनीकरणावर प्रत्यक्ष किती खर्च झाला, हे दोन आकडे शेजारी ठेवा. दुसरा आकडा वर्षानुवर्षं पहिल्याच्या खूप खाली राहत असेल तर इमारती खाऊन संसार चालला आहे.

खरी कर्जंही असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2012 मध्ये शंभर वर्षांच्या मुदतीचे 86 कोटी डॉलरचे रोखे विकले. ऑक्सफर्डने 2017 मध्ये तेवढ्याच मुदतीचे 75 कोटी पौंडांचे, अडीच टक्क्यांच्या आसपास व्याजाने. शंभर वर्षांनी आपण नसू, पण विद्यापीठ असेल असं सावकारालाही वाटतं, याचं मला अजून नवल वाटतं. भारतात 2017 मध्ये उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था स्थापन झाली आणि पूर्वी जे इमारतींसाठी अनुदान म्हणून मिळायचं त्यातलं बरंच कर्ज म्हणून मिळू लागलं. त्यामुळे केंद्रीय संस्थांचे कागद वाचताना ‘मंजूर झाले’ या शब्दांपुढे थांबून विचारा: फेडायचे आहेत का, आणि कुणी?

पायरी 8: आत कोण कुणाला पोसतं

ही पायरी मन दुखावणारी आहे, तेव्हा सांभाळून.

पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गात एक शिक्षक दोनशे मुलांना इतिहास शिकवतो. फळा, माईक, संपलं. प्रयोगशाळेच्या विषयात वीस मुलांमागे उपकरणं, रसायनं, सहाय्यक आणि दुप्पट जागा लागते. त्यामुळे फी सारखी असेल तिथे ‘निरुपयोगी’ म्हणून हिणवले जाणारे भाषा-इतिहासासारखे विभाग बरेचदा खर्चापेक्षा जास्त आणतात आणि मानाचे विभाग ते खर्चतात.

हे उघडं व्हावं म्हणून काही विद्यापीठं प्रत्येक विद्याशाखेला तिची आवक देऊन टाकतात आणि सामायिक सेवांचा वाटा वसूल करतात. सार्वजनिक विद्यापीठांत अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने हे 1990 च्या सुमारास सुरू केलं. हिशेब स्वच्छ होतो, पण वाद वाढतात: प्रत्येक विद्याशाखा आपलाच संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम काढू लागते, कारण शेजाऱ्याकडे विद्यार्थी पाठवला की पैसाही जातो.

पायरी 9: वर्षाचं चक्र पाठ करा

फी वर्षातून एकदा-दोनदा येते, पगार दर महिन्याला जातो, अनुदानाचे हप्ते सरकारला सवड मिळेल तेव्हा येतात. त्यामुळे प्रवेशानंतर खातं भरलेलं दिसतं आणि सत्र संपताना कोरडं. एका विशिष्ट दिवसाची शिल्लक दाखवून कुणी ‘पैसा आहे’ किंवा ‘नाही’ म्हणत असेल तर तारीख विचारा.

वर्षअखेर आली की अखर्चित रक्कम परत जाईल या भीतीने खरेदीची झुंबड उडते. शेवटच्या महिन्यात आलेले संगणक पुढचे काही महिने खोक्यांतच असतात. विभागप्रमुख असाल तर खरेदीचे प्रस्ताव वर्षाच्या पहिल्या तिमाहीत टाका. निविदा, तुलनात्मक तक्ता आणि सह्या यांत किती वेळ जातो याचा अंदाज नवख्याला कधीच येत नाही. आणि एका शीर्षातून दुसऱ्यात पैसे हलवायचे तर पुनर्विनियोजनाची मंजुरी लागते. ती कोण देतं आणि कधीपर्यंत, हे टेबलावरच्या काचेखाली लिहून ठेवा.

पायरी 10: बैठकीत विचारा

अंदाजपत्रकाची बैठक लांब असते आणि जाड पुस्तक आदल्या आठवड्यात मिळालेलं असतं. सगळं वाचून होत नाही, कुणाचंच होत नाही. चार प्रश्न तयार ठेवा.

गेल्या तीन वर्षांत सर्वात कमी खर्च झालेली पाच शीर्षं कोणती, आणि यंदा त्यांच्यावर तरतूद पुन्हा का? दाखवलेल्या ठेवींपैकी मोकळ्या किती? नव्या इमारतीचा चालवण्याचा वार्षिक खर्च कुठल्या शीर्षात धरला आहे? शिल्लक दाखवली असेल तर ती रिक्त पदांमुळे किती आणि खरी किती?

पहिल्या वर्षी बहुधा ‘माहिती घेऊन कळवतो’ असं उत्तर मिळेल. इतिवृत्तात प्रश्न जसाच्या तसा नोंदवून घ्या, आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करण्याच्या विषयावर, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्याच ओळीवर, हात वर करा.